पाखरांचा बंधू : असीसीचे संत फ्रान्सिस

ऑक्टोबर महिन्याच्या चार तारखेला, अथवा तिच्या जवळच्या एखाद्या रविवारी, युरोप-अमेरिकेतील कित्येक ख्रिस्तमंदिरांच्या प्रांगणात एक आगळाच मेळा भरतो. एरवी प्रार्थनेस एकटीदुकटी येणारी माणसे त्या दिवशी आपल्या घरची मुकी जनावरे बरोबर घेऊन येतात. कोणाच्या हाती कुत्र्याची साखळी असते, कोणाच्या काखेत मांजर असते, कोणी पोपटाचा पिंजरा उचलून आणतो, तर एखादे लहान मूल काचेच्या भांड्यातला इवलासा मासा दोन्ही हातांनी सांभाळीत उभे असते. खेड्यापाड्यांतून मेंढ्या आणि घोडेही येतात. धर्मगुरू प्रार्थना म्हणतात, प्राण्यांवर पवित्र जल शिंपडतात आणि त्यांना आशीर्वाद देतात. न्यूयॉर्क शहरातील सेंट जॉन द डिव्हाइन या विशाल कॅथीड्रलात १९८५ साली या सोहळ्यास आरंभ झाला आणि तेथील मिरवणुकीत उंट व हत्तीसुद्धा मंदिराच्या महाद्वारातून आत गेले.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या कपाळी कुंकू लावून त्याला पुरणपोळीचा घास देणाऱ्या आम्हा लोकांना यात फारसे नवल वाटण्याचे कारण नाही. परंतु हा सोहळा नेमका याच सुमारास का होतो, असा प्रश्न आमच्या विद्यार्थिमित्रांच्या मनात खचित येईल. त्याचे उत्तर आठशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका सत्पुरुषाच्या चरित्रात आहे. गंमत अशी की, ज्याच्या नावाने आज पाळीव प्राण्यांना आशीर्वाद दिला जातो, त्याने आपल्या शिष्यांना कोणताही प्राणी पाळण्यास मनाई केली होती! हा विरोध कसा उलगडावा, हे त्याचे चरित्र पाहिल्यावाचून कळावयाचे नाही.

मध्य इटलीत उंब्रिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथे सुबासियो पर्वताच्या उतारावर असीसी नावाचे एक लहानसे नगर वसले आहे. या नगरात ११८१ अथवा ११८२ साली पिएत्रो बेर्नार्दोने नावाच्या कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरी एका पुत्राचा जन्म झाला. आई पीका हिने बाळाचे नाव जोव्हान्नी असे ठेविले. पिता त्या वेळी व्यापारानिमित्त फ्रान्स देशी गेला होता असे सांगतात. परत आल्यावर त्याने मुलाला फ्रान्चेस्को, म्हणजे फ्रान्सचा, अशी हाक मारण्यास सुरुवात केली. बापाने कौतुकाने दिलेले हे टोपणनावच पुढे जगाच्या ओठी बसले. फ्रान्सिस हे त्याचेच रूप होय.

फ्रान्सिसचे तारुण्य ऐषारामात गेले. हाताशी पैसा, अंगावर उंची वस्त्रे, गळ्यात फ्रान्सची प्रेमगीते आणि भोवती मित्रांचा घोळका. मेजवान्यांत तो सर्वांचा पुढारी असे. मात्र हात सढळ होता आणि स्वभाव दिलदार. आपण मोठे योद्धे व्हावे, सरदारकी मिळवावी, ही त्याची महत्त्वाकांक्षा होती. १२०२ साली असीसी व शेजारचे पेरुजा या नगरांत युद्ध जुंपले, तेव्हा तोही घोड्यावर बसून गेला. असीसीचा पराभव झाला आणि फ्रान्सिस शत्रूच्या बंदीखान्यात पडला. सुमारे एक वर्ष तो तेथे होता. सुटून आला तो आजार घेऊनच. बरा झाल्यावर पुन्हा नवे चिलखत चढवून तो दक्षिण इटलीतील लढाईस निघाला. पण स्पोलेतो या गावापर्यंत जाऊन परत फिरला. स्वप्नात त्याला दैवी आज्ञा झाली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. काही असो, जो तरुण कीर्ती मिळविण्यास निघाला होता, तो रिकाम्या हाताने घरी आला आणि पूर्वीचा राहिला नाही.

या दिवसांतील एक प्रसंग फार महत्त्वाचा आहे. त्या काळी कुष्ठरोग्यांना गावाबाहेर राहावे लागे. सुखवस्तू फ्रान्सिसला त्यांची इतकी किळस असे की, तो त्यांच्या वस्तीपासून दूरच राही. एके दिवशी वाटेत असाच एक रोगी समोर आला. फ्रान्सिसचा पहिला विचार घोडा वळविण्याचा होता. परंतु त्याने मनावर ताबा मिळविला, तो घोड्यावरून उतरला, त्या रोग्याच्या हाती नाणे ठेविले आणि त्या हाताचे चुंबन घेतले. मरणापूर्वी लिहविलेल्या मृत्युपत्रात त्यांनी आपल्या जीवनातील पालटाचा आरंभ कुष्ठरोग्यांच्या या सहवासापासून सांगितला आहे. जे पूर्वी कडू वाटत होते तेच तेव्हापासून गोड झाले, असा त्या वचनाचा आशय आहे. पुढे पाखरांना बंधू म्हणणारा हा माणूस प्रथम माणसांना, आणि तेही टाकून दिलेल्या माणसांना, बंधू म्हणावयास शिकला, हे आपण विसरता कामा नये.

असीसीच्या तटाबाहेर सान दामियानो नावाचे एक पडके ख्रिस्तमंदिर होते. तेथे प्रार्थना करीत असता, पडत चाललेले आपले घर सावर, अशी आज्ञा क्रूसावरील मूर्तीने केल्याचे फ्रान्सिसला ऐकू आले. त्याने तिचा अर्थ अक्षरशः घेतला. बापाच्या दुकानातील कापडाचे गठ्ठे घोड्यावर घालून तो फोलिन्यो गावी गेला, कापड विकले, घोडाही विकला आणि ते पैसे पुजाऱ्यापुढे ठेविले. पुजाऱ्याने भिऊन ते घेतले नाहीत. बापाला हे कळले तेव्हा त्याच्या क्रोधाला सीमा राहिली नाही. त्याने मुलाला घरात कोंडून घातले. बाप बाहेरगावी गेल्यावर आईने त्याला मोकळे केले. शेवटी १२०६ साली हा तंटा असीसीच्या बिशपापुढे गेला.

बिशपाने न्यायाने सांगितले की, दुसऱ्याचे धन देवाच्या कामीही लावता येत नाही; ते परत केले पाहिजे. फ्रान्सिसने पैसे परत केले. इतकेच नव्हे, तर अंगावरची वस्त्रेही उतरवून ती बापापुढे ठेविली आणि यापुढे आपला पिता एक स्वर्गातला, असे जमलेल्या लोकांदेखत जाहीर केले. बिशपाने आपला झगा त्याच्या उघड्या अंगावर पांघरला. बाप पैसे व कपडे उचलून घरी गेला. येथे आम्हांला क्षणभर थांबावेसे वाटते. पिएत्रो हा काही दुष्ट मनुष्य नव्हता. त्याने मुलाचे लाड पुरविले होते. कापड त्याचे होते आणि त्याचा रागही समजण्यासारखा होता. पुढे पितापुत्रांचा समेट झाल्याचे चरित्रकारांनी नोंदलेले नाही. ज्याने लांडग्याशी सख्य केले असे सांगतात, त्याला बापाशी सख्य जोडता आले नाही! संतांच्या वाटेवरही असा एखादा काटा राहून जातो, आणि तो झाकून ठेवल्याने चरित्र अधिक उजळ होते असे आम्हांस वाटत नाही.

त्यानंतर फ्रान्सिस यांनी स्वतः दगड वाहून पडकी मंदिरे दुरुस्त केली. त्यांपैकी पोर्त्सिउंकुला नावाचे चिमुकले मंदिर हे पुढे त्यांचे मुख्य स्थान झाले. येथेच शुभवर्तमानातील, शिष्यांनी जवळ धन वा झोळी न घेता उपदेशास जावे, ही आज्ञा त्यांच्या कानी पडली. त्यांनी पायातील वहाणा आणि कमरेचा चामडी पट्टा टाकला, जाडाभरडा अंगरखा घातला, कमरेस दोरी बांधली आणि लोकांना शांतीचा उपदेश करीत ते हिंडू लागले. बेर्नार्दो नावाच्या एका धनिकाने आपले सर्वस्व गरिबांस वाटून त्यांची संगत धरली. पाठोपाठ इतरही आले. अकरा जणांसह ते १२०९ च्या सुमारास रोमला गेले आणि पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या जीवनक्रमास तोंडी संमती दिली. या मंडळींनी स्वतःला कनिष्ठ बंधू असे नाव घेतले. ते शेतात राबत, कुष्ठरोग्यांची सेवा करीत, मजुरी म्हणून भाकरी घेत, ती न मिळाली तर भिक्षा मागत. पण नाण्याला हात लावीत नसत. १२१२ साली क्लारा नावाच्या उमराव घराण्यातील तरुणीनेही घरदार सोडून हाच मार्ग पत्करला आणि स्त्रियांचा संघ उभा राहिला.

इतके कडकडीत दारिद्र्य कशासाठी, असे बिशपाने त्यांना विचारले होते. फ्रान्सिस यांच्या उत्तराचा मथितार्थ असा की, मालमत्ता जवळ केली की तिच्या रक्षणासाठी शस्त्रे जवळ करावी लागतात आणि मग शेजाऱ्यावर प्रेम करणे जमत नाही. या एका विचारात त्यांच्या सर्व चरित्राची किल्ली आहे. जो कशाचाच मालक नाही, त्याला सर्वांचा भाऊ होता येते.

आता त्यांच्या प्राणिप्रेमाच्या कथांकडे वळू. फ्रान्सिस यांचे पहिले चरित्र त्यांच्याच संघातील चेलानोच्या तोमासो यांनी लिहिले, तेही त्यांच्या निधनानंतर दोन-तीन वर्षांच्या आत. त्यात बेव्हान्या गावाजवळची सुप्रसिद्ध कथा आहे. वाटेने जाता जाता पारवे, कावळे आदी पाखरांचा मोठा थवा बसलेला दिसला. फ्रान्सिस त्यांच्याकडे धावत गेले. पाखरे उडाली नाहीत. तेव्हा त्यांनी त्या पाखरांना बंधू म्हणून संबोधिले आणि सांगितले की, देवाने तुम्हांला पिसांचे वस्त्र दिले, उडावयास पंख दिले, निर्मळ हवेत घर दिले. पेरणी-कापणी न करताही तो तुमचा सांभाळ करतो. तरी तुम्ही त्याची स्तुती करावी. पाखरांनी माना उंचावल्या, पंख पसरले, चोची उघडल्या. अंगरख्याचा घोळ त्यांना लागे इतक्या जवळून फ्रान्सिस त्यांच्यामधून फिरले, आणि आशीर्वाद मिळाल्यावरच ती उडून गेली. त्यानंतर, आजवर आपण पाखरांना उपदेश केला नाही हा आपला हलगर्जीपणा झाला, म्हणून ते स्वतःलाच दोष देऊ लागले.

अशा कितीतरी आठवणी आहेत. ग्रेच्चो गावी फाशात सापडलेला एक ससा कोणी त्यांना आणून दिला. त्यांनी त्याला गोंजारले आणि सोडून दिले. पण तो पुनःपुन्हा त्यांच्याच मांडीवर येऊन बसे. अखेर त्यांनी एका बंधूला तो रानात नेऊन सोडावयास सांगितले. रिएतीच्या सरोवरात कोळ्याने दिलेला जिवंत मासा त्यांनी पाण्यात परत सोडला. वाटेवरचे किडे पायदळी तुडविले जाऊ नयेत म्हणून ते उचलून कडेला ठेवीत. हिवाळ्यात मधमाश्या उपाशी मरू नयेत म्हणून त्यांच्यासाठी मध ठेववीत. जळणासाठी झाड तोडणाऱ्या बंधूंना ते सांगत की, बुंधा राखा, म्हणजे पुन्हा पालवी फुटेल. बागेच्या कडेची थोडी जागा खणू नका, तेथे रानगवत आणि रानफुले आपोआप उगवू द्या, असेही त्यांचे सांगणे होते. वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या कथांत प्राणी त्यांच्याजवळ येतो. पण ते त्याला ठेवून घेत नाहीत, मोकळा करतात.

गुब्बियोच्या लांडग्याची कथा मात्र वेगळ्या प्रकारची आहे. ती त्यांच्यामागून शंभराहून अधिक वर्षांनी जुळविलेल्या कथासंग्रहात येते, म्हणून तिला इतिहास न म्हणता आख्यायिका म्हणणेच योग्य. एका लांडग्याने त्या गावाला त्राहि भगवान् करून सोडले होते. जनावरे तर तो खाईच, पण माणसेही मारी. फ्रान्सिस निःशस्त्र त्याच्यासमोर गेले, त्याला बंधू म्हणाले आणि त्याच्या अपराधांबद्दल त्याला खडसावले. मात्र हे सारे तू भुकेपोटी केलेस, हे मी जाणतो, असेही त्यांनी त्याला सांगितले. मग गावकरी व लांडगा यांच्यात करार झाला. गावाने त्याला रोज खाऊ घालावे, त्याने कोणास इजा करू नये. लांडग्याने आपला पंजा फ्रान्सिस यांच्या हाती दिला. पुढे दोन वर्षे तो दारोदार फिरून खाई आणि तो मेला तेव्हा गावाला दुःख झाले. कथा घडली असो वा नसो, तिच्यातला न्याय खरा आहे. करार दोन्ही पक्षांवर बंधनकारक होता. लांडग्याला अहिंसा शिकविणाऱ्यांवर त्याची भूक भागविण्याची जबाबदारी येऊन पडली.

ही निःशस्त्र वृत्ती केवळ कथेतली नव्हे. १२१९ साली धर्मयुद्ध ऐन भरात असता फ्रान्सिस इजिप्तमध्ये दमिएत्ता येथील ख्रिस्ती छावणीत गेले आणि तेथून एका सोबत्यासह शत्रूच्या गोटात सुलतान अल्-कामिल याच्या भेटीस गेले. सुलतानाने त्यांचे म्हणणे आदराने ऐकून घेतले आणि त्यांना सुखरूप परत पाठविले. कोणी कोणाचा धर्म बदलला नाही, युद्धही थांबले नाही. तथापि ज्या काळी दोन्ही बाजू एकमेकींस केवळ तलवारीच्या टोकावर भेटत होत्या, त्या काळी दोन माणसे समोरासमोर बसून बोलली, ही गोष्ट लहान नव्हे.

परत आल्यावर त्यांना निराळ्याच संकटास तोंड द्यावे लागले. संघात आता हजारो बंधू झाले होते. कोणाला पक्की घरे हवी होती, कोणाला ग्रंथ हवे होते, कोणाला नियम सैल करून हवे होते. १२२० साली फ्रान्सिस यांनी संघाचे प्रमुखपद सोडले. पुढच्या वर्षी लिहिलेल्या नियमावलीत त्यांनी स्पष्ट घातले की, बंधूंनी कोणताही प्राणी स्वतःजवळ वा दुसऱ्याकडे ठेवू नये आणि आजार किंवा मोठी गरज असल्याखेरीज घोड्यावर बसू नये. त्या काळी घोडा ही श्रीमंतांची व सरदारांची खूण होती. प्राणी बाळगणे म्हणजे मालक होणे, आणि मालक व्हावयाचे नाही हा तर त्यांचा बाणा! आरंभी आम्ही ज्या विरोधाचा उल्लेख केला तो असा उलगडतो. त्यांची मनाई प्राण्यांना नव्हती, मालकीला होती. १२२३ साली पोप तिसरे होनोरियुस यांनी अधिक संक्षिप्त अशी शेवटची नियमावली मान्य केली.

त्याच वर्षीच्या नाताळात ग्रेच्चो येथे त्यांनी गव्हाण मांडली, तीत गवत घातले, खराखुरा बैल व गाढव आणून उभे केले आणि मध्यरात्री त्या गव्हाणीवर मिस्सा झाला. आज नाताळात घरोघरी जो गोठ्याचा देखावा मांडतात, त्या प्रथेचे श्रेय या रात्रीला देतात. बादशहाची भेट झाली तर एक कायदा मागून घ्यावा, असे ते म्हणत. नाताळच्या दिवशी सर्वांनी वाटांवर धान्य टाकावे, म्हणजे पाखरांना, विशेषतः चंडोलांना, पोटभर मिळेल. आणि बैल-गाढवांना त्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक वैरण द्यावी. त्यांचा हा आशीर्वाद पोटातून जाणारा होता!

१२२४ साली ला व्हेर्ना पर्वतावर एकांतात असता त्यांच्या हातापायांवर व कुशीवर ख्रिस्ताच्या जखमांसारख्या खुणा उमटल्याचे चरित्रकारांनी लिहिले आहे. देह झिजत चालला होता. डोळ्यांच्या विकाराने उजेडही सोसवेना. उपाय म्हणून वैद्यांनी तापल्या लोखंडाने डाग दिला. तेव्हा फ्रान्सिस यांनी अग्नीला बंधू म्हणून, आपल्याशी सौम्यपणे वागण्याची विनंती केली. अशा अवस्थेत १२२५ साली सान दामियानो येथे त्यांनी आपले सृष्टिस्तोत्र रचिले. सूर्य, वारा व अग्नी हे बंधू, चंद्र, तारका व पाणी या भगिनी, पृथ्वी तर भगिनीही आणि माताही, असे त्यात ईश्वराचे स्तवन आहे. हे स्तोत्र विद्वानांच्या लॅटिनमध्ये नसून उंब्रियाच्या लोकभाषेत आहे आणि इटालियन साहित्याच्या आरंभीच्या रचनांत त्याची गणना होते. फ्रान्सिस यांच्यामागून ४९ वर्षांनी, १२७५ साली, आमचे ज्ञानेश्वर जन्मास आले आणि त्यांनीही पंडितांची भाषा सोडून लोकांची भाषा जवळ केली, याचे येथे सहज स्मरण होते.

असीसीचा बिशप व नगराधिकारी यांच्यात त्या वेळी वैर पेटले होते. फ्रान्सिस यांनी स्तोत्रात क्षमेचे एक कडवे वाढविले आणि ते दोघांपुढे गावयास बंधूंना पाठविले. दोघांचे मन द्रवले व समेट झाला. अखेरचे कडवे त्यांनी मृत्यूसाठी रचिले आणि मृत्यूलाही भगिनी म्हटले. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी सायंकाळी पोर्त्सिउंकुला येथे त्यांचे देहावसान झाले. तत्पूर्वी त्यांनी स्वतःला उघड्या जमिनीवर निजविण्यास सांगितले होते. त्या सांजवेळी चंडोलांचा थवा छपरावर घिरट्या घालीत गात होता, असे सांगतात. सूर्यास्तानंतर दुसरा दिवस धरण्याच्या तत्कालीन रीतीमुळे त्यांचा सण ४ ऑक्टोबरला येतो. १२२८ साली त्यांना संतपद देण्यात आले आणि त्यांच्या समाधीवर भव्य मंदिर उभारण्यास आरंभ झाला. ज्याने झोपडीही आपली म्हटली नाही, त्याच्या वाट्याला हे वैभव आले!

त्यांच्या नावाचा धागा आमच्या भूमीपर्यंतही येतो. त्यांच्या संघाचे साधू १५१७ साली गोव्यात आले. जुने गोवे येथील असीसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च सध्याच्या रूपात १६६१ साली उभे राहिले आणि त्याला लागून असलेल्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. सुलतानाकडे निःशस्त्र गेलेल्या गुरूचे हे शिष्य येथे मात्र शस्त्रधारी राजसत्तेच्या छायेत आले. तो इतिहास निराळा आहे आणि सर्वस्वी सुखाचा नाही. चांगल्या माणसाचे नाव घेणे सोपे, त्याची वाट धरणे कठीण, एवढाच बोध आम्ही त्यातून घेतो.

जागतिक प्राणिदिन १९२९ पासून ४ ऑक्टोबरला पाळला जाऊ लागला. १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी फ्रान्सिस यांना निसर्गरक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. २०१३ साली निवडून आलेल्या पोपनी फ्रान्सिस हेच नाव धारण केले आणि २०१५ सालच्या आपल्या परिपत्रकाचे शीर्षक त्या जुन्या सृष्टिस्तोत्रातून घेतले.

विद्यार्थिमित्रहो, शिंपडलेले पाणी घटकाभरात वाळून जाते. मग कुत्रा आपल्या साखळीशी, पोपट आपल्या पिंजऱ्यात आणि बैल आपल्या जुवाखाली परत जातो. त्यांचे पुढचे दिवस कसे जातात, यावर त्या आशीर्वादाचे मोल ठरते. आपल्या दारी जे मुके जीव आहेत, त्यांना वेळेवर दाणापाणी मिळते की नाही, थकल्या जनावराच्या पाठीवर ओझे अधिक तर होत नाही ना, आणि ज्याला मोकळे सोडता येईल असा एखादा जीव आपण उगाच कोंडून तर ठेविला नाही ना, एवढे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे. असीसीच्या त्या फाटक्या अंगरख्यातल्या साधूला याहून दुसरी पूजा नको होती, असे आम्हांस वाटते.